राखणदाराचा कागद

ही गोष्ट खरी आहे. रचायचीच असती, तर मी त्यात स्वतःला जरा शहाणा दाखवलं असतं.

गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार. दुपारचे साडेबारा. भुताच्या गोष्टीला दुपार शोभत नाही, मान्य. पण वेळ मी ठरवली नव्हती.

जागा सर्वण गावाच्या वरची. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची बंद पडलेली खाण. तिथे आमच्या नेमबाजी क्लबची रेंज आहे. तिन्ही बाजूंना तांबडी भिंत, त्यामुळे गोळी बाहेर जात नाही.

आवाजही जात नाही...

सेजल माझी मामेबहीण. रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. तीन वर्षं ती एकेका गुणाने बाहेर राहिली होती. या खेपेला नाही झालं तर सोडून देईन, असं तिने घरी सांगितलं होतं. मामीने त्या आनंदात शिरा केला होता.

आणि मंगळवारी तिच्या हातून रिव्हॉल्वर चिऱ्यावर पडलं.

रिव्हॉल्वरच्या नळीच्या टोकावर माशी असते आणि मागे खाच पाडलेली पट्टी. खाचेच्या मधोमध माशी दिसली की नेम. पट्टीच्या कडेला बारीक स्क्रू. तो फिरवला की टिक् वाजतं, पट्टी केसभर सरकते, आणि पट्टी जिकडे सरकेल तिकडे गोळी सरकते.

ही पट्टीच मोडली होती.

पाळी गावच्या रघुनाथकाकांनी नवी बसवली. ते आधी खाणीवर फिटर होते, आता परवाना काढून बंदुका दुरुस्त करतात. गुरुवारी नेम जुळवायला आम्ही तिघेच रेंजवर होतो.

काकांची एक रीत आहे. दुरुस्त केलेल्या हत्याराची पहिली गोळी राखणदाराची, म्हणजे गावची राखण करणाऱ्या देवाची. आपल्या निशाणाच्या डावीकडे कोरा कागद लावायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि पहिली गोळी त्यात. तो कागद नंतर कोणी बघायचा नाही. कुठे लागली, किती लागली, विचारायचं नाही.

कागद लावायचं काम माझं.

मला वाटलं, बिचारा देव वर्षानुवर्षं कोऱ्या कागदावर समाधान मानतोय. मी स्केचपेनने गोल काढले. एक ते दहा आकडे घातले. नावाच्या जागी लिहिलं : राखणदार, सर्वण.

पंचवीस मीटरवरून काकांना ते दिसलं नाही.

काकांनी हात जोडले. “बा देवा राखणदारा, पहिली तुझी, मागची आमची.”

सेजलने पहिली डावीकडे झाडली. मग पाच आमच्या निशाणावर.

मी बघायला गेलो. आमचा कागद कोरा.

राखणदाराच्या कागदावर सहा भोकं. सहाही दहाच्या गोलात.

मी मनात म्हटलं, गडी तयारीचा आहे.

काकांनी स्क्रू उजवीकडे तीन घरं फिरवला. पुन्हा पाच गोळ्या. आमचा कागद कोरा. मग त्यांनी रिव्हॉल्वर टेबलाच्या शिकंज्यात आवळलं, माशी खाचेत धरून स्वतः रोखलं आणि स्वतःच घोडा ओढला. पाच वेळा.

मी पुन्हा गेलो.

आमचा कागद कोराच. शेजारच्या कागदावर दहाचा आकडा राहिलाच नव्हता. तिथे एक गोल भगदाड होतं.

आणि तेव्हा लक्षात आलं... झाडीत सकाळपासून ओरडणाऱ्या किरकिऱ्या थांबल्या होत्या.

मागून आवाज आला.

टिक्.

टिक्.

टिक्.

मी वळलो. काका आणि सेजल टेबलापासून चार हात लांब उभे होते. दोघांचे हात छातीशी. शिकंज्यातल्या रिकाम्या रिव्हॉल्वरचा स्क्रू डावीकडे फिरत होता. सावकाश. घड्याळ लावल्यासारखा.

मग मी सगळं कबूल केलं.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तू त्याचे गुण मोजलेस?” त्यांनी विचारलं. “आता तो खेळतलो रे.”

काकांनी तो कागद काढून नव्या कोऱ्या कागदाखाली एक उंडो पाव आणि विडी ठेवली. मला नाक घासायला लावलं. त्यानंतरच्या पाचही गोळ्या आमच्या निशाणावर, काळ्या गोलात. सेजल हसली. मीही हसलो. काका नाहीत.

रविवारी निवड झाली. शेवटच्या पाच गोळ्यांपर्यंत सेजल बरोबरीत होती. मी मागे प्रेक्षकांत.

तिसऱ्या गोळीनंतर नुसतं खट् झालं. चौथी उडालीच नाही. पाचवी झाडली तोवर वेळ संपली.

उडाल्या चार. मी मोजल्या.

पंचांनी निशाण बघितलं आणि पाच भोकं लिहिली.

तिने न उडालेली गोळी तळहातावर धरून दाखवली. पंच म्हणाले, भोकं पाच आहेत, शेजारची जागा रिकामी होती, म्हणजे दुसऱ्या कुणाची गोळीही नव्हे, मग तक्रार कसली? सेजलची निवड झाली. एका गुणाने.

तिने पत्रही लिहिलं, की तो गुण माझा नाही. उत्तर आलं : निकाल योग्य आहे, अभिनंदन.

पुढच्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा. सोडते म्हणाली, तर काकांनी फोनवर एवढंच सांगितलं, “तू सोडशील गो बाय. तो सोडतलो?”

म्हणून ती सराव करते. आधी पाचच्या जागी चार गोळ्या भरून बघितल्या. भोकं पाच. मग दोन भरल्या. पाच.

परवा तिने एकही भरली नाही. रिकामं रिव्हॉल्वर उचललं, नेम धरला, पाच वेळा घोडा ओढला आणि खाली ठेवलं.

भर दुपार. किरकिऱ्या गप्प...

“जा, बघून ये,” सेजल म्हणाली.

नेहमी मीच जातो. पंचवीस मीटर, चालायला वीस सेकंद.

मी रेंजच्या उजव्या कडेने दहा पावलं गेलो असेन.

मागे टिक् वाजलं.

या वेळी स्क्रू उजवीकडे फिरत होता, असं सेजल सांगते. निशाणाकडून माझ्याकडे.

कागद अजून तिथेच आहे.