वामानपातावरची टोपी

ही थाप नाही. नेमेसियो आमच्याच खोऱ्यातला. उरुबांबा नदीच्या काठी त्याचं घर आहे. ज्याला खोटं वाटतं, त्याने थंडीच्या दिवसांत पहाटे त्याच्या दाराशी जाऊन उभं राहावं.

जून महिना होता, म्हणजे आमच्याकडे थंडीचे दिवस. बटाटे काढून झाले होते. नेमेसियोची बायको फोर्तुनाता म्हणाली, "गोरे लोक समुद्र ओलांडून आपले इंकांचे दगड बघायला येतात. आणि तू मला हा एवढा डोंगर चढवत नाहीस."

"दगड बघून पोट भरतं का?"

"चल रे म्हाताऱ्या. शिदोरी मी घेते. तू नुसत्या धापा टाक."

तो काही म्हातारा नव्हता. पण चिडवल्याशिवाय तिला बोलताच येत नसे.

वामानपाता म्हणजे आमच्या डोक्यावरचं इंकांचं जुनं ठाणं. तिथे भिंती आहेत, भिंतींत कोनाडे आहेत, आणि वारा आहे. दोघांनी चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, पहिला घोट जमिनीवर ओतला. मग उकडलेले बटाटे आणि मिरची खाल्ली. सगळं रीतीप्रमाणे झालं.

दुपार कलली तसं खालून धुकं चढलं.

वाऱ्याचा एक झोत आला... आणि फोर्तुनाताची टोपी उडाली. आमच्याकडच्या सगळ्या बायका घालतात तशीच, उंच, पांढरी. फोर्तुनाता हसत टोपीमागे धावली. भिंतीआड गेली.

हसणं ऐकू येत होतं.

मग ते मध्येच थांबलं...

नेमेसियो धावत गेला. ती जमिनीवर बसली होती. डोळे उघडे. तोंडातून शब्द नाही.

टोपी शेजारच्या कोनाड्यात होती. सरळ, नीट ठेवलेली.

वारा टोपी अशी ठेवत नाही. पण तेव्हा हे कुणाला सुचतं? त्याने टोपी उचलली, बायकोला पाठीवर घेतलं आणि डोंगर उतरला.

घरी ती तशीच पडून राहिली. पाजलेलं पाणी ओठांतून बाहेर येई. तिसऱ्या दिवशी त्याने एउलालिया आत्याला बोलावलं. असली दुखणी तीच बघते. तिने मनगट धरलं आणि लगेच सोडलं.

"घाबरलीय. जीव वरच राहिलाय. इथे नुसतं अंग आहे."

"मग काय करू?"

"टोपी घेऊन वर जा. नाव घेऊन हाक मार आणि टोपी हलवत खाली ये. जिची टोपी, तिचाच जीव मागे येतो. आणि काही झालं तरी वळून बघू नकोस."

तो गेला. भिंतीपाशी उभा राहून त्याने हाक मारली. "फोर्तुनाता, चल. घरी चल."

काहीच नाही...

तो टोपी हलवत उतरू लागला. थोड्या वेळाने मागे खडी सरकली. पावलं... अनवाणी.

फोर्तुनाता चपलेशिवाय कधी चालत नसे. पण तो रडत होता. आनंदाने. त्याने वळून पाहिलं नाही.

घरी त्याने टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. ती उठून बसली.

"भूक लागलीय, घरधनी," ती म्हणाली.

ती बरी झाली. कामाला लागली. फक्त मीठ तोंडात गेलं की थुंकून टाकी. आणि ती आत आली की चुलीपाशी पाळलेले गिनीपिग, एरवी दिवसभर कुईकुई करणारे... एकदम गप्प होत.

"अगं, एकदा मला म्हाताऱ्या म्हण ना," नेमेसियो म्हणाला.

"तुम्ही कुठे म्हातारे, घरधनी?" ती अगदी हळू, गोड बोलली.

शेजारी म्हणाले, "सुधारली रे तुझी बायको. नशीब काढलंस!"

ऑगस्टमध्ये सगळं गाव कालव्याचा गाळ काढायला गेलं. वामानपाताच्या खालच्या अंगाला नेमेसियोच्या फावड्याला काहीतरी मऊ लागलं.

पांढरी टोपी.

आतल्या कडेला लाल दोऱ्याची फुली. जत्रेत अदलाबदल होऊ नये म्हणून फोर्तुनाताने स्वतः घातलेली.

मग कोनाड्यातली टोपी...?

तो तसाच चिखलाने भरलेला आत्याकडे गेला. आत्याने कोकाची पानं चघळणं थांबवलं.

"घरात आहे ती कोण, आत्या?"

"मला विचारू नकोस. तिला हाकललं तर अंगही जाईल."

"आणि माझी फोर्तुनाता? ही टोपी घेऊन तिला हाक मारतो ना."

"मारू नकोस, बाळा. येईल ती बिचारी. मग ठेवशील कुठे?"

पण ऐकेल तो नवरा कसला? दुसऱ्याच दिवशी तो वर गेला. खरी टोपी हलवत खाली उतरू लागला. या वेळी मागे चपला वाजत होत्या. आणि अर्ध्या वाटेवर...

"हळू चाल ना, म्हाताऱ्या."

तिचाच आवाज.

त्याने ओठ चावले, पण वळून पाहिलं नाही. दिवस मावळता मावळता तो दारात पोचला आणि आत शिरला. पावलं उंबऱ्याशी थांबली.

चुलीपाशी ती दुसरी बसली होती, बायकोच्याच अंगात. तिने मान वर केली नाही.

"दार लावून घ्या, घरधनी. वारा येतोय."

"नेमेसियो..." बाहेरून आवाज आला. या वेळी त्यात थट्टा नव्हती. "थंडी वाजतेय रे."

तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

मग त्याने दार लावलं.

तेव्हापासून तो कुणाशी फार बोलत नाही. लाल फुलीची टोपी त्याने दाराबाहेर खुंटीला टांगली आहे. त्याची बायको दिसते कशी विचाराल तर छान दिसते, अंगाने भरली आहे.

आमच्याकडे थंडीत पहाटे सगळं अंगण गोठलेल्या दहिवराने पांढरं होतं. नेमेसियोचंही होतं. पण त्याच्या दाराशी, भिंतीला लागून, एक जागा काळी राहते. गुडघे पोटाशी घेऊन एक बाई बसेल, एवढीच.

मी स्वतः पाहिली आहे. मी हात लावला, तर ती माती कोमट होती.