गुलाबी थेंब

एर्सिलिया बोनाकोर्सी दार न वाजवताच आत शिरली आणि चांदीचा करंडक तिनं टेबलावर आदळला.

"तोस्का, हा परत कर म्हणतायत! मी लबाड आहे म्हणे!"

खाजगी गुप्तहेर तोस्का मालागुती शांतपणे कॉफी ढवळत राहिली. तिचे भावोजी आमोस, निवृत्त शाळामास्तर, यांनी घाईघाईनं खुर्ची पुढे केली.

भानगड जुन्या मोटारींच्या शर्यतीची होती. एर्सिलियाची निळी मोटार तिच्या दिवंगत नवऱ्याची. दरवर्षी ती देवळाच्या चढावर उकळायची, वाफा सोडत थांबायची आणि लेआर्को झानासी पुढे निघून जायचा. काल मात्र मोटार थंड राहिली आणि पहिली आली. वर पोचल्यावर रेडिएटरखाली गुलाबी थेंब पडले.

"ते गुलाबी औषध पाण्यात घातलं की इंजिन तापत नाही," एर्सिलिया म्हणाली. "घालायला मनाई नाही, पण आधी सांगावं लागतं. मी तर नवऱ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, आत साधं पाणी आहे म्हणून. आता गावात तोंड कसं दाखवू? एकटा लेआर्को तेवढा माझ्या बाजूनं भांडला."

"हरलेला माणूस?" आमोस पुटपुटले. "दाल में काला!"

तिघं एर्सिलियाच्या गॅरेजवर गेले. शर्यतीच्या आदल्या रात्री कोणीतरी तिथलं कुलूप तोडलं होतं, पण चोरीला काहीच गेलं नव्हतं. तोस्कानं रेडिएटरचं झाकण उघडून वास घेतला.

"भावोजी, हुंगा जरा."

"आंबूस येतोय."

जमीन लख्ख पुसलेली होती. कोपऱ्यात मीचा नावाची मांजर रिकामा डबा चाटत बसली होती.

"दिसेल ते चाटते मेली," एर्सिलिया म्हणाली.

मेकॅनिक ओरेस्ते मोटारीखालून बाहेर आला. "मी केव्हाचा कानीकपाळी ओरडतोय, बाई, आतला गंज काढा, औषध घाला. पण ह्यांचं एकच, नवरा फक्त पाणी घालायचा!"

"मग तूच घातलंस," आमोस गरजले.

ओरेस्तेनं खिशातून गॅरेजची किल्ली काढून त्यांच्या नाकासमोर नाचवली. "मास्तर, किल्ली असताना मी कुलूप कशाला फोडू?"

दुपारी तोस्का आणि आमोस लेआर्कोकडे गेले, तर त्यानं दोघांना जेवायलाच बसवलं. द्राक्षमळेवाला गडी, स्वतःच व्हिनेगर करून विकणारा. पण सॅलडवर नुसतं तेल आणि मीठ.

"व्हिनेगर?" आमोस नाराजीनं म्हणाले.

"घरातलं सगळं संपलं बघा." लेआर्को शीळ घालत वाइन ओतू लागला. "मीचा बरी आहे ना?"

संध्याकाळी खानावळीत शर्यतीचे अध्यक्ष, एर्सिलिया, ओरेस्ते, लेआर्को, सगळे जमले. आमोसनी घसा खाकरला.

"गुन्हेगार लेआर्को! एर्सिलियाला खोटं पाडून करंडक लाटायचा डाव!"

"नाव बरोबर, भावोजी. कारण साफ चूक," तोस्का म्हणाली. "डाव असता तर थेंब दिसताच त्यानं बोंब मारली असती. हा तर तिच्यासाठी भांडला. शिवाय ते औषध मांजराला विषारी. ज्यानं जमीन एवढी निपटून पुसली, त्याला मीचाची खोड ठाऊक होती आणि तिची काळजीही होती. ओरेस्तेकडे किल्ली. राहिला आंबूस वास. रेडिएटरचा गंज काढायला मेकॅनिक दुकानातली पावडर आणेल. व्हिनेगरनं कोण धुईल? ज्याच्या घरी व्हिनेगरचे बुधले भरलेले असतात तो. आणि धुऊन झाल्यावर त्याच्या सॅलडला थेंब उरत नाही."

लेआर्कोचे कान लाल झाले.

"केलं मी," तो म्हणाला. "उकळणाऱ्या मोटारीला मागे टाकून जिंकायचं, ह्याची लाज वाटायला लागली होती. सांगून बाई ऐकणार नाही. शपथेचं माझ्या डोक्यातच आलं नाही, एर्सिलिया. ते मात्र चुकलं."

"कुलूप फोडलंस माझं!" एर्सिलिया कडाडली.

"नवं लावून देतो."

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई जाणूनबुजून खोटं बोलल्या नाहीत, आणि औषधाला मनाई नाहीच. करंडक बाईंचा." खानावळीत टाळ्यांचा कडकडाट झाला. आमोसनी सगळ्यात जोरात टाळ्या पिटल्या, जणू सुरुवातीपासून त्यांना हेच म्हणायचं होतं.

एर्सिलिया लेआर्कोकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.

"खरं सांग, मागून माझी मोटार कशी दिसत होती?"

"काय सांगू?" लेआर्को म्हणाला. "पहिल्या वळणानंतर नुसती धूळच दिसली!"

ती इतकी हसली, की तिला डोळे पुसावे लागले.