कोपऱ्यातला कच्चा खांब

मुलुंडच्या नव्या घराचे तीन खांब पक्के झाले होते. चौथ्याच्या फळ्या काढल्या, तर आतलं काँक्रीट बोटानं उकरता येत होतं.

हे सांगायला क्षमा दिघे पार्ल्याला, खाजगी तपास करणाऱ्या मार्तंड राजे यांच्याकडे आली.

"बाबा गेल्यावर घर मीच बांधायला घेतलं. कामावर नजर ठेवायला वैद्य नावाचे जाणकार नेमले. ना नात्यातले, ना कंत्राटदाराच्या ओळखीचे. आता काका म्हणतात, वैद्यांना हाकल. वैद्य कंत्राटदार लवूकडे बोट दाखवतात. दोषी कळला नाही तर मला बांधकामच थांबवावं लागेल."

"काकांना यातलं कळतं?"

"रेल्वेच्या पुलांवर देखरेख करायचे. फळ्या काढायच्या आदल्या दिवशीच म्हणाले, कोपऱ्यातला खांब कच्चा निघणार."

"याला म्हणतात अनुभव!" राज्यांचे मित्र चंद्रप्रकाश म्हणाले.

राजे नुसते हसले.

मुलुंडला पोचताच चंद्रप्रकाशांनी लवूला गाठलं. "सिमेंट काळ्या बाजारात विकलंस ना रे?"

"इकलं असतं तर चारय खांब ढासळले असते!" लवू उसळला. "सिमेंट तेच, रेती तीच, माणसां तीच. चौथो फक्त जेवणानंतर भरलो."

"त्या दिवशी जेवण होतं?" राज्यांनी विचारलं.

"बाईंनी पंगत घातली. काकांनी आमका वाटूक गुळाची ढेपय आणलेली. डोळ्यांनी बघितली, तोंडात काय पडली नाय."

वैद्य शांतपणे म्हणाले, "मालाचं माप माझ्यासमोर झालं. पाण्याचं पिंप भरून ठेवलं आणि सगळे जेवायला गेलो. बाळासाहेब तेवढे इथं थांबले. त्यांचा उपास होता."

पिंपाशी टेकलेले चंद्रप्रकाश एकदम उडाले. "आई गं! काय मुंगळे आहेत इथे!"

बाळासाहेब, म्हणजे काका, सावलीत खुर्ची टाकून बसले होते. "दादाची विहीर मी बांधून घेतली. पोरीला मात्र भाडोत्री शहाणा हवा!"

"आणि तो गूळ?"

"वाटला की सगळ्यांना."

राज्यांनी सगळ्यांना कोपऱ्यातल्या खांबापाशी बोलावलं.

"सिमेंट, रेती, माणसं तीच. जेवणानंतर बदललं ते पाणी. गूळ विरघळलेल्या पाण्यात सिमेंट धरत नाही. ढेप कामगारांना मिळाली नाही, पण पिंपापाशी मुंगळ्यांना मिळाली."

"पण काकांचा अनुभव?" चंद्रप्रकाश गोंधळले.

"अनुभवी माणूस फार तर काम कच्चं म्हणेल. फळ्यांआडून नेमका खांब कसा ओळखेल? तो ओळखता आला फक्त बिघडवणाऱ्याला."

काका तिथेच खाली बसले.

"दादा पायरीसुद्धा मला विचारून बसवायचा," ते म्हणाले. "तू एकदाही विचारलं नाहीस. हा वैद्य खांबावर टिचकी मारतो आणि तू त्याच्या तोंडाकडे बघत राहतेस. दादाकडे बघायचीस तशी."

क्षमानं खांबाचा एक ढिला तुकडा उकरून हातात घेतला.

"परका चुकला तर त्याला काढता येतं, काका. तुम्हाला मी कशी काढणार? म्हणून परका आणला."

"मग आता?"

"आताही काढता येत नाहीच. उद्या पहार घेऊन या. हा खांब तुम्हीच पाडायचा. नवा भरताना वैद्य सांगतील तिथे उभं राहायचं, सांगतील तेवढंच करायचं."

लवूनं तोंड फिरवलं. काका उठले, धोतर झटकलं आणि पहिल्यांदाच वैद्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"किती वाजता येऊ?"