दम घ्यायची चार घरं

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना. पंचवटीत निवृत्ती मास्तर बँडवाल्यांना नोटेशन लिहून द्यायचे. अक्षर म्हणाल तर छापल्यासारखं! त्या दुपारी मास्तर जेवून जरा टेकले, तोच दारात कुसाबाई उभी. तिचा नवरा फकिरा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"जयभीम, मास्तर. हा कागद तुमचा तुम्ही घ्या. घरात ठेववत नाही."

"का हो?"

"दुपार झाली की वाजतंय... त्यांचंच. धाप लागल्यासारखं."

मास्तरांनी कागद उलगडला. फकिरासाठी त्यांनीच लिहून दिलेली वरातीची चाल होती ती.

मूळ चालीत क्लॅरिनेटला मध्येच चार घरं, म्हणजे सूर लिहायचे चार रकाने, मोकळी असायची. बाकीचे वाजवतात, तोवर याने पान उलटायचं, श्वास घ्यायचा. पान संपेल तिथे विसावा, हा लिहिणाऱ्यांचा रिवाजच. पण मास्तरांना मेली हौस, सगळी चाल एकाच पानात बसवायची! पान उलटायचंच नाही, तर थांबायचं कशाला? त्यांनी मोकळ्या घरांत सूर भरले आणि शेवटी दोन ठिपके दिले. ठिपके म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

"मास्तर, दम घ्यायला जागाच नाही हो यात," फकिरा म्हणाला होता.

"मग विड्या कमी कर!" मास्तर हसले होते.

फकिरा कागदाबाहेर एक सूर वाजवायचा नाही. भर उन्हातल्या वरातीत तीच चाल फिरून फिरून वाजवता वाजवता तो रस्त्यावर कोसळला. कागदाचं मास्तर कुणापाशी बोलले नाहीत. सहा वर्षं ते आतल्या आत जळत राहिले.

"माझ्यामुळे गेला हो तो," आज त्यांच्या तोंडून निघालं.

कुसाबाईने कागदाकडे बोट केलं. "मग आता तरी त्यांना दम खाऊ द्या..." एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

मास्तरांनी ब्लेड घेतलं. चारही घरं खरवडून मोकळी केली, त्यांत विसाव्याच्या खुणा घातल्या. शेवटचे ठिपकेही खरवडले. "चुकलं रे माझं. बस कर आता, फकिरा." कागद ट्रंकेत ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रंकेतून क्लॅरिनेट वाजू लागलं. अगदी बारीक. चाल हळूहळू त्या चार घरांपाशी आली... मास्तर कान देऊन बसले. आता थांबेल... आता घेईल श्वास...

थांबलं नाही. धापा टाकत तसंच पुढे गेलं. संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

त्यांनी कुलूप काढलं. खरवडून खरवडून कागद इतका पातळ झाला होता की पलीकडचा उजेड दिसत होता. चारही घरं पुन्हा भरलेली होती. शेवटी दोन ठिपके होते. शाई अजून ओली होती.

फकिराला नोटेशन वाचता यायचं, पण लिहिता कधीच आलं नाही. आणि हे अक्षर तर छापल्यासारखं होतं.