मार्लिसचा सातवा टोला

हे घडलेलं आहे. आमच्या टाल्मन काउंटीच्या साप्ताहिकात मी पंचवीस वर्षं विनोदी सदर लिहितो, त्यामुळे रचून कसं सांगतात ते मला ठाऊक आहे. हे रचलेलं असतं, तर शेवट मी वेगळा केला असता.

तारीख १२ नोव्हेंबर २०२१. सकाळचे दहा. नेब्रास्कातलं आमचं शेतावरचं घर.

भुतांना रात्र लागते म्हणतात. आमच्याकडे आठ वाजता सगळे झोपतात, तेव्हा भुतांचाही नाइलाज असावा.

आधी घंटेचं सांगतो.

आमच्याकडे माणूस गेला की चर्चची घंटा वाजवायची. जितकं वय, तितके टोले. शेतातले ट्रॅक्टर थांबायचे. बायका पिठाच्या हातांनी दारात यायच्या. सगळे मोजायचे. आकडा थांबला की कोण गेलं ते पाच मैलांत कळायचं.

जुनी माणसं सांगायची, शेवटचा टोला पडेपर्यंत गेलेला माणूस घर सोडत नाही.

घंटा वाजवायचं काम माझ्या वडिलांकडे होतं. एवाल्ड ब्रांडहॉर्स्ट. त्यांचा आकडा कधी चुकला नाही.

एकदाच चुकला.

१९७४ साली, याच तारखेला, माझी बहीण मार्लिस मेंदूज्वराने गेली. त्याच दिवशी तिचा सातवा वाढदिवस होता. ओट्यावर केक होता. पलंगाखाली नवे बूट होते. एक नंबर मोठे, कारण आमच्याकडे मुलांचे बूट पुढच्या वर्षाच्या मापाचे घेतात.

मी नऊ वर्षांचा. आईचा हात धरून अंगणात उभा होतो.

एक... दोन... तीन... चार... पाच... सहा...

मग काहीच नाही.

आई तशीच उभी. माझी बोटं तिनं इतकी आवळली की मी ओरडलो.

बाबा परत आले. टोपी काढली.

"एक राहिला, एवाल्ड," आई म्हणाली.

"ती जन्मली संध्याकाळी. सात पुरी कुठे झाली होती?"

"पहाटे सहाला जन्मली. मी होते तिथे."

बाबांनी टोपी पुन्हा घातली. केक कोंबड्यांना घातला.

आठवड्यानं माडीवर आवाज सुरू झाला...

टप... सर्र... टप... सर्र...

पायापेक्षा बूट मोठा असला की असाच वाजतो.

रोज सकाळी दहाच्या सुमारास. जिन्याच्या तोंडाशी यायचा... थांबायचा... परत जायचा. खाली कधीच उतरला नाही. आई नळ बंद करून ऐकायची. बाबा वर्तमानपत्र आणखी रुंद उघडायचे.

याबद्दल घरात एक शब्दही बोलला गेला नाही. आम्ही उत्तर जर्मनीतून आलेल्यांची मुलं. आमच्यात घराला आग लागली तरी आधी हवापाण्याचं बोलतात.

१९९८ साली आई गेली. बाबांनी अठ्ठावन्न टोले मारले. पूर्ण.

पुढच्या वर्षी चर्च बंद झालं. रेल्वेचे रूळ आधीच उखडले होते, शाळा दुसऱ्या गावात गेली होती. रविवारी प्रार्थनेला तेवीस जण असायचे, पाद्रीबुवा धरून. मग पाद्रीबुवाही गेले. घंटा लिलावात एका हॉटेलवाल्यानं नेली, शोभेसाठी.

दोर तेवढा राहिला. दोराला गिऱ्हाईक नव्हतं.

आता ती सकाळ.

बाबा त्र्याऐंशीचे. स्वयंपाकघरालगत खाट टाकलेली. डॉक्टरांनी हात टेकलेले. दहा वाजले...

टप... सर्र...

"लेलंड," बाबा म्हणाले, "तुला ऐकू येतं ना?"

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"येतं."

"मला वाटलं, मी एकटाच."

"आईलाही यायचं, बाबा."

त्यांनी छताकडे पाहिलं.

"सहा मारले, आणि सातव्याला हात उचलेना. मनात आलं, एक ठेवला तर... जायची नाही." श्वास घेतला. "मी गेल्यावर ती कुणापाशी राहील? तू तर दिवसभर टाइप करत बसतोस. जा, तो एक मारून ये."

"बाबा, घंटा विकली."

"दोर आहे ना?"

"नुसता दोर ओढून काय होणार?"

"तुला कॉलेजात घातलं तिथेच चुकलं माझं. ओढ म्हटलं की ओढावं!"

गेलो. चर्च मैलभरावर. आत पारवे. वर घंटेच्या जागी आभाळाचा तुकडा. दोर ओढला. एकदाच.

काहीच वाजलं नाही. टोपीवर पारव्यांची घाण पडली. म्हाताऱ्याची समजूत घातली म्हणून मला माझंच कौतुक वाटलं.

गाडीत बसतो तोच फोन. चर्चसमोरच्या व्हर्नाकाकू.

"लेलंड, कुणाचं बाळ गेलं रे?"

"काय?"

"एकच टोला पडला. एक म्हणजे तान्हं. पण आपल्याकडे अकरा वर्षांत पाळणा हललेला नाही. मग कुणाचं?"

"काकू, तिथे घंटाच नाही."

"मला सांगतोस? लिलावाच्या दिवशी सूप मीच वाढलं. तरी कान शाबूत आहेत माझे."

मी गाडी कशी चालवली, आठवत नाही.

बाबांचा चेहरा ओला होता.

"पडला," ते म्हणाले. "लांबून आला... पण स्वच्छ."

आणि वर...

टप... सर्र... टप... सर्र...

जिन्याच्या तोंडाशी आला. थांबला.

मग पहिल्यांदाच... खाली उतरला.

तेरा पायऱ्या. एकेक. आमच्या दारावरून पुढे गेला. मला कुणी दिसलं नाही. बाबांनी मात्र पांघरुणातून हात थोडा वर केला. शाळेची बस आली की करायचे, तसा.

जाळीचं दार उघडलं... आणि हळूच लागलं.

दुपारच्या आत बाबा गेले.

माडी आता गप्प आहे. दोर ओढताना मला हे खरं वाटतच नव्हतं हो. वाटलं असतं, तर आधी एकदा वर गेलो असतो. निदान बुटांत कापूस घालून दिला असता.

आणखी एक आहे.

बाबांचे त्र्याऐंशी टोले मी अजून मारलेले नाहीत. व्हर्नाकाकू दर भेटीत विचारतात. मी सांगतो, खांदा दुखतो.

सकाळी दहाला मी ओट्याकडे तोंड करून कॉफी करतो. मागे खुर्ची करकरते... वर्तमानपत्र उलगडतं... रुंद.

मी वळून बघत नाही.

कधी कधी मनात येतं, मार्लिस पुढे एकटीच गेली. तिथे दारात उभी असेल, बाबांची वाट बघत.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी माझा खांदा दुखतोच.