नाव पुसलेलं गाऱ्हाणं

सुशांतच्या घरी मी गेले ती एका सहीसाठी. अगं, तो दिवा राहू दे, विझवू नकोस. गोष्ट भरदुपारची आहे, तरीही राहू दे.

अंधेरीच्या आमच्या विद्यापीठात संशोधनाची माहिती जपून ठेवायचा आणि ती जगाला खुली करायचा एक विभाग आहे. विद्याधर सर त्याचे प्रमुख, मी त्यांची सहायक. सुशांत तिथेच पीएचडी करत होता. मुंबईत राहणाऱ्या कोकणी कुटुंबांतली गाऱ्हाणी तो रेकॉर्ड करायचा. गावच्या राखणदाराला मोठ्याने साद घालून विनवणी करायची, म्हणजे गाऱ्हाणं. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. पहिलं गाऱ्हाणं त्याने स्वतःच्या घरचंच घेतलं होतं. त्याची तीन वर्षांची निधी सारखी आजारी पडायची, म्हणून त्याच्या बाळाकाकांनी राखणदाराला बोलावून तिच्यापाशी उभं राहायला सांगितलं होतं.

आमच्याकडे नियम असा, की रेकॉर्डिंग खुलं करण्याआधी त्यातलं प्रत्येक नाव पुसायचं. कुणाची ओळख उघड व्हायला नको म्हणून. नावाच्या जागी 'टूं' असा आवाज बसवतात. सुशांत सरांच्या अक्षरशः पाया पडला.

"सर, राखणदाराचं नाव तरी राहू द्या ना. त्याला नावानेच बोलवतात, नावानेच परत पाठवतात. नाव नसेल तर कोणीही येईल."

"नियमात देवांसाठी वेगळं कलम नाही," सर म्हणाले आणि हसले. त्या माणसाचं हसणं आठवलं तरी माझं डोकं फिरतं. पदवी अडेल या धाकाने सुशांत गप्प बसला. नाव पुसलं गेलं, गाऱ्हाणं संकेतस्थळावर चढलं आणि मूळ प्रत नियमाप्रमाणे नष्ट झाली. देशोदेशीचे लोक ते उतरवून घेऊन ऐकू लागले. काही दिवसांनी सुशांत यायचाच बंद झाला. मूळ प्रत नष्ट केल्याच्या कागदावर त्याची सही राहिली होती, ती आणायला सरांनी मला घाटकोपरला पिटाळलं.

दार त्याच्या बायकोने, मानसीने उघडलं.

"आता काय न्यायला आलात?" तिने विचारलं. आत या म्हणालीच नाही. मीच चप्पल काढून आत शिरले.

बाहेर टळटळीत ऊन होतं. खिडक्या सताड उघड्या, पंखा जोरात फिरत होता. तरीही त्या एवढ्याशा खोलीत अख्खं वऱ्हाड झोपून उठावं तसा कोंदट उबारा भरला होता. त्यात ओल्या घोंगडीचा वास. पंख्याच्या घरघरीखाली आणखी एक आवाज होता, हळू आणि एकसारखा. तो श्वासांचा होता हे मला कळलं, पण मी ते स्वतःला कळू दिलं नाही.

निधी लादीवर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन, अगदी अंग चोरून. तिच्या चारही बाजूंना मोकळी जमीन होती.

"आई, यांना सरकायला सांग ना... मला पाय पसरता येत नाहीत."

मी सुशांतकडे पाहिलं. त्याची दाढी वाढली होती.

"आधी एकच होता," तो कुजबुजला. "आता येतच राहतात. ते रेकॉर्डिंग कुणीही, कुठेही लावलं की इथे साद पोचते. ज्याला ऐकू येईल तो येतो... आणि तिच्यापाशी उभा राहतो. गाऱ्हाण्यात सांगितलंच आहे ना तसं."

"कोण येतं पण?"

"मला काय विचारतेस? नाव पुसलंत ना तुम्ही!"

मी तिथूनच सरांना फोन लावला. माझा आवाज चढला होता. "सर, सुशांतचं गाऱ्हाणं आत्ताच्या आत्ता काढून टाका."

"एकदा खुलं केलेलं मागे घेता येत नाही, गार्गी. परदेशात जागोजागी त्याच्या प्रती आहेत. आपल्याला अभिमान वाटायला हवा. हे बघ, आत्ताही पाहुणे आलेत, त्यांना तेच ऐकवतोय."

फोनमधून बाळाकाकांचा आवाज आला. "बा टूं... ये, आणि ह्या लेकरापाशी उभो रव."

त्यामागोमाग बाकीच्यांचा दुजोरा, "व्हय म्हाराजा."

"बंद कर!" सुशांत ओरडला. मी फोन कापला, पण उशीर झाला होता. कुणी कोपराने ढकलावं तसा निधीचा खांदा आत दबला. ती मुकाट्याने थोडी सरकली. रडलीसुद्धा नाही गं ती. त्या पोरीला सवय झाली होती, आणि त्याच गोष्टीने माझं काळीज फाटलं.

स्वयंपाकघराच्या दारात बाळाकाका नारळ घेऊन बसले होते. थकलेले, घामाघूम.

"राखणदाराक मी परत धाडलंय," ते म्हणाले. "तो नावान इलो, नावान गेलो. ह्ये जायत नाय. ह्यांचा नाव माका ठावक नाय."

"मग माझी मुलगी?" मानसी म्हणाली. "तिचं काय?"

नारळ खाली ठेवून बाळाकाका निधीसमोर आले, हात जोडले आणि तिच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेला अतिशय अदबीने विचारलं, "तुमी... कितके जण आसात?"

उत्तर निधीने द्यायचं ठरवलं. ती बोटं मोजू लागली. तिची बोटं संपली, मग तिने मानसीचा हात ओढून घेतला, मग सुशांतचा. मग माझा. एकेक बोट दाबत, ओठ हलवत ती मोजत होती. माझीही बोटं संपली. तिने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या जागेत हात घातला, तिथलं काहीतरी मांडीवर ओढून घेतलं आणि मोजणं पुढे सुरू केलं.

तो एकच हात होता. त्याची बोटं संपतच नव्हती.