डावी पाकळी

"आई, आता देवीलाच साक्षीला बोलवू का? तिनेच तर उजवा कौल दिला होता!"

विनिता हसत म्हणाली खरी, पण त्या हसण्याने देव्हाऱ्यापुढे वाती वळत बसलेल्या वसुंधराबाईंच्या हातातली वात अर्धीच राहिली...

सुनेच्या हातात तिच्या दाव्याला कारखान्याने दिलेलं उत्तर होतं. 'आपण स्वखुशीने राजीनामा दिला आहे.' स्वखुशीने! अकरा वर्षं गोखिवऱ्याच्या त्या कारखान्यात तिने माल तपासला. नवे साहेब आले आणि आधी तिचं काम गेलं, मग टेबल गेलं, शेवटी तिची खुर्ची संडासाच्या दाराशी ठेवून तिला दिवसभर नुसतं बसवू लागले. 'जा' असं कुणी म्हटलं नाही... तिने आपल्या पायांनी जावं, एवढंच! रोज संध्याकाळी चपला काढता काढता पोर रडायची. शेवटी तीच म्हणाली होती, "आई, कौल लावा. देवी सांगेल तसं करते."

शुक्रवारचा उपास होता. गिरीज गावच्या वाडीतल्या जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या बाईंनी देवीच्या दोन्ही खांद्यांना लावल्या. उजवी गळाली तर राजीनामा द्यायचा, डावी गळाली तर नाही. विनिता दूध बघायला आत वळली, आणि डावी गळाली... पण सुनेचे अश्रू बघवेनात, आणि मनात खोल कुठेतरी, दुपारच्या आरतीला घरात दुसरा आवाज असावा, हा स्वार्थही होताच! बाईंनी डावी पाकळी पुन्हा चिकटवली आणि उजवी आपल्या बोटाने खाली पाडली.

"मनाली वकीलबाई म्हणतात, छळून घेतलेला राजीनामा तो राजीनामाच नव्हे," विनिता सांगत होती. "पण माझा छळ पाहिलेलं कुणीतरी बोलायला हवं. कारखान्यातले सगळे घाबरतात."

"तू रोज रडत यायचीस, ते मी पाहिलंय. मी बोलेन," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातली वात खाली ठेवली. "पण शपथेवर बोलायचं तर आधी तुझ्यापुढे बोलायला हवं... विनिता, त्या दिवशी देवी 'नको' म्हणाली होती गं! उजवी मी पाडली. ह्या बोटाने!"

विनिता भिंतीला टेकून खाली बसली.

"आई... इतके महिने मला वाटायचं, साहेबांनी घालवलं ते घालवलं, देवीनेसुद्धा मला 'जा' म्हटलं! तिच्याकडे बघवत नव्हतं मला!" आणि ती हमसून हमसून रडू लागली.

"मला क्षमा नको करूस, पोरी. उद्या वकीलबाईंकडे तुझ्याबरोबर येऊ दे, एवढंच."

"आणि कोर्टात कारखान्याचे वकील म्हणाले, सासूनेच सोडायला लावली, तर?"

"म्हणू देत. पाकळीचंही सांगेन. चारचौघांत लाज गेली तर माझी जाईल. पण तुला रोज रडत कुणी घरी पाठवलं, तेही सांगेन!"

विनिताने पदराने सासूचे डोळे पुसले, मग स्वतःचे. परडीतलं एक फूल उचलून ती देव्हाऱ्याकडे सरकली.

"कौल लावतेस?" बाईंनी भीत भीत विचारलं.

"नाही, आई. उत्तर मिळालंय."

आणि तिने ते फूल देवीच्या डाव्या खांद्यावर वाहिलं.